डिकीतले चार ओम

हसू नका असं मी म्हणणारच नाही, कारण तुम्ही हसणार. फक्त एक करा, चहाचा घोट गिळून झाला की हसा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांच्या नाकातून चहा आला, आणि त्याचाही ठपका माझ्यावरच!

तर, मी मराठीचा मास्तर. मेढ्याजवळ एका गावात शाळा, तिथंच भाड्याची खोली. बायको, अनिता, तिकडं जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या काठाला, तिच्या माहेरच्याच गावात शिक्षिका. ती विज्ञान शिकवते. माझा जिल्हा सातारा, तिचा सांगली. बदलीचा अर्ज आम्ही दरवर्षी भरतो आणि दरवर्षी त्याचं 'पुढच्या वर्षी बघू' होतं.

म्हणून शनिवारची शाळा सुटली की मी गाडीत, आणि रविवारी दुपार कलली की परत गाडीत. आमचा संसार म्हणाल तर एवढाच. लोकांना सोमवारचा कंटाळा येतो. मी रविवारी जेवण झालं की हात धुतानाच घड्याळाकडं बघायला लागतो. अनिता बांधापर्यंत सोडायला येते, 'पोचल्यावर फोन करा' म्हणते, आणि मी आरशात बघत बघत गाडी चालवतो. एकदा तर असंच बघताना गाडी बाभळीत घातली. पण तो किस्सा वेगळा.

आता मुद्द्याचं. अनिताचे वडील, तात्या, गजी ढोल वाजवायचे. बिरोबाच्या जत्रेत गोल करून गडी नाचतात ना, त्यांच्या मध्ये तो मोठा ढोल. जन्मभर मेंढरांमागं हिंडून गुडघे गेले होते माणसाचे, पण ढोल गळ्यात अडकवला की काय उभे राहायचे! तात्या जाऊन दोन वर्षं झाली. ढोल घरात खुंटीला आहे. त्याला हात लावायचं कुणाच्याच जिवावर येतं.

राहिलं काय? तर माझ्या फोनमधलं एक रेकॉर्डिंग. तात्यांच्या शेवटच्या जत्रेत मीच केलेलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडीनं बाजाराला जातो, तेव्हा अनिता ते लावायची. लावायची, आणि अर्ध्यात बंद करायची.

एकदा म्हणाली, "तात्यांचा ढोल असा नव्हता हो. हे म्हणजे कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतंय."

"गाडीचे स्पीकर जुने झालेत," मी म्हणालो.

तिनं बरगडीच्या खाली हात ठेवला. "तात्यांचा ढोल इथं वाजायचा. कानात न्हवं, इथं. ल्हान होते तवा मी त्यांच्या पाठीला टेकून बसायची. पुन्हा एकदा तसा ऐकायला मिळाला आसता तर..."

खिडकीतून बाहेर बघत बसली. एरवी शाळेतलं शुद्ध बोलणारी बाई, पण तात्यांचं नाव निघालं की माहेरचं बोलणं तोंडात येतं तिच्या.

बायको माझ्याकडं कधी काही मागत नाही हो. एक बदली मागितली, ती मला देता येईना. म्हटलं, बाबा रे, एवढा एक ढोल तरी दे तिला!

सांगलीत पोपट म्हणून एक फिटर आहे. गाड्यांमध्ये आवाज बसवतो. त्याच्या दुकानात नुसतं उभं राहिलं तरी खिशातल्या किल्ल्या नाचतात. परतताना वाटेत त्याला सगळं सांगितलं. ऐकून पोपट म्हणाला, "सर, ढोल पोटात वाजवायचा आसंल तर दोन वूफर, म्हंजी जाड आवाजाचं मोठं स्पीकर, घ्या आन् त्येला जोर द्यायला एक आम्प. डिकीत बसवू. म्हातारा समोर बसून वाजवतोय आसं वाटंल. पर आत्ता जत्रंचा सीझन हाय, मला मान वर करायला सवड न्हाई. गाडी चार दिस सोडून जावा."

चार दिवस गाडी सोडायची? आणि शनिवारी जतला काय उडत जायचं? त्यात येत्या रविवारी बिरोबाची जत्रा. तात्यांच्या ढोलाचाच दिवस!

"वायरीच जोडायच्या ना?" मी म्हणालो. "मी जोडतो."

पोपटनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "जमंल का सर?"

"जमंल नव्हे, जमेल," मी म्हणालो.

हे माझं असं आहे बघा. आमच्या भागात सगळे 'ह' गिळतात. आमी, तुमी, आमाला, तुमाला. तो गिळलेला 'ह' पोरांच्या घशातून बाहेर काढून परत जागेवर बसवायचा, हेच माझं आयुष्य. शाळेत माझं टोपणनाव काय आहे माहीत आहे? 'हहह सर'. असो.

शुक्रवारी संध्याकाळी खोलीसमोर गाडी लावली आणि भिडलो. वूफर दोन. प्रत्येकाला एक तांबडं टोक, एक काळं टोक. आम्पला पण एक तांबडं, एक काळं. यात कठीण ते काय? दोन्ही तांबड्या वायरी तांबड्याला, दोन्ही काळ्या काळ्याला. पोपटनं जाड वायर दिली होती, ती वाकता वाकेना, म्हणून घरातली एक बारीक वायर घेतली. बटण दाबलं. आम्पवर हिरवा दिवा लागला, वूफरमधून एकदा 'धप्प' झालं, आणि दिवा तांबडा! मग आवाज नाही की काही नाही.

पोपटला फोटो पाठवले. डिकीचे, वायरींचे, सगळ्याचे. त्याचा कुठल्यातरी जत्रेतून फोनवर रेकॉर्ड केलेला निरोप आला, मागं हा गोंगाट. तो निरोप मला आजही पाठ आहे, ऐका:

"सर, आवं त्या आम्पला चार ओम पायजेत! तुमच्या गाडीत आत्ता येकच ओम भरतुय. लय कमी हाय, जळंल त्यो! एकामागं एक लावून चार ओम करा, मग बगा कसं हाणतंय!"

मी गाडीत बघितलं. डॅशबोर्डवर स्टिकर होतं. ओमचं. किती? एक!

आता तुम्हीच सांगा, अंगावर काटा येईल की नाही? हा माणूस माझ्या गाडीत पुढच्या सीटपर्यंत कधी आला नाही, डॅशबोर्डचा फोटो मी पाठवलेला नाही, आणि त्याला तिकडं बसून कळलं की माझ्या गाडीत एकच ओम आहे! मी काही देव-देव करणारा माणूस नाही. पण आपल्याकडं नवीन ट्रॅक्टर आला, विहिरीवर नवी मोटर बसली, की कुंकवानं ओम काढतोच ना आपण? म्हटलं या धंद्यातली रीत असेल. एवढा मोठा आवाज काढणारी वस्तू, तिला चार लागत असतील. आणि तात्यांचा ढोल तरी कुणाचा? देवाचाच! मला तर ते एकदम पटलंच.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुद्दाम औंधच्या वाटेनं निघालो. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला दुकानं आहेत, तिथं तीन ओम घेतले. चांगले केशरी, सोनेरी किनार असलेले. डॅशबोर्डवरचा नखानं सोलून काढला. डिकी उघडली आणि आम्पवर चारही ओम चिकटवले. पोपट म्हणाला होता तसे, एकामागं एक. मनोभावे नमस्कार केला, बटण दाबलं.

तांबडा दिवा!

तिथूनच फोन लावला.

"पोपट, चार ओम केले. तरी तांबडाच!"

"एकामागं एक लावलं न्हवं?"

"अगदी सरळ रेषेत."

"मीटरनं मोजलं का?"

"मीटर कशाला? फूटपट्टीनं मोजलं. मध्ये सारखं अंतर आहे."

तिकडं मागं कुठलासा बॅंड वाजत होता, त्याला वाटलं असेल आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"एखादा उलटा लागला आसंल सर. उलटा लागला की एक दुसऱ्याला खातोय."

मी वाकून वाकून बघितलं. "नाही, सगळे सुलटे आहेत."

"मग आर्थ? आर्थ नीट लागलाय का?"

आता मराठीच्या मास्तरला अर्थ लागतो का म्हणून विचारतो हा! मी म्हणालो, "लागतो की! अ, उ आणि म मिळून ओम. अकार म्हणजे—"

"सर," पोपट म्हणाला, "उनात हुबं हायसा का?"

"हो, डिकीपाशीच."

"सावलीला जावा. पानी प्या. आन् गाडी सोमवारी माज्याकडं आणा."

सोमवारी! जत्रा रविवारी, आणि हा म्हणतो सोमवारी! मी पुढं जतपर्यंत काय मनःस्थितीत गेलो ते माझं मला माहीत. अनिताला फोनवर म्हणून बसलो होतो ना, की रविवारी तुला एक गोष्ट ऐकवणार आहे! सोडायला येते तेव्हा तिच्या डोळ्यांत जे असतं, ते एका तरी रविवारी नसावं, एवढीच इच्छा होती हो माझी.

रविवारी सकाळी अंगणात पाहुणे. अनिताचे चुलते, चुलत्या, भाऊबंद, सगळे देवाला जायच्या तयारीत. म्हटलं, ही गर्दी पांगली की हळूच एकदा प्रयत्न करू. पण गर्दी पांगते कुठली? शेवटी सगळे चहा घेत बसलेले बघून मी गुपचूप डिकी उघडली.

आणि मागून सासूबाईंचा आवाज, "यप्पा! मास्तर, गाडीत देव बसवला व्हय?"

मी काही बोलायच्या आत सगळं अंगण गोळा! काळी पेटी, त्यावर रांगेत चार केशरी ओम. एका चुलत्यानं पायातलं काढून ठेवलं. दुसऱ्यानं पटका सारखा केला आणि हात जोडले. एक म्हाताऱ्या चुलत्या तर गाडीला प्रदक्षिणा घालायला निघाल्या, पण गाडी भिंतीला लागून होती म्हणून अर्ध्यातनं परत आल्या.

"मामी, तसं नाही हो," मी म्हणालो, "हा आम्प आहे."

"आसूं द्या की. कुठला का आसंना, देव त्यो देव," सासूबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन हळद-कुंकू घेऊन आल्या!

खरं सांगू? मी त्यांना थांबवलं नाही. मला वाटलं, न जाणो, पूजाच राहिली असेल! कुंकू लागलं, हळद लागली. मी डोळे मिटले, तात्यांचं नाव घेतलं, आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली आणि बटण दाबलं.

'धप्प' झालं. आणि त्या बारीक वायरीतून धूर निघायला लागला.

"उदाचा वास येतुय न्हवं?" एक चुलते म्हणाले.

सगळ्यांनी परत हात जोडले! धूर वर चाललाय, मी फुंकर मारतोय, आणि माझ्या मागं दहा-बारा माणसं डोळे मिटून उभी! काय सांगू तुम्हाला, धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी वूफरसकट गेलो असतो.

तेवढ्यात अनिता घरातून आली. तिनं एका झटक्यात वायर उपसून काढली. डिकीत बघितलं. चार ओम बघितले. मग माझ्याकडं बघितलं.

"हे काय हो?"

मग काय, सगळं सांगून टाकलं. तात्यांचा ढोल तुला पोटात ऐकवायचा होता, म्हणून हा सगळा खटाटोप. तिचा चेहरा एकदम बदलला. हळूच म्हणाली, "आणि हे ओम?"

"पोपटनं सांगितले." मी तिला तो निरोप ऐकवला.

तिनं ऐकला. परत एकदा लावायला सांगितला. मग ओठ दाबले. मग पदर तोंडाशी नेला. आणि मग ती खाली बसली. गाडीच्या चाकाला धरून खाली बसली, आणि हसली! दोन वर्षांत असं हसताना मी तिला बघितलं नव्हतं.

"अहो, ओहम! ओहम म्हणतोय तो!"

"काय?"

"ओहम! मी सातवीला शिकवते! वायरीत विजेला जो अडथळा होतो, तो मोजायचं माप! पोपट 'ह' खातो!" तिला बोलताही येईना. "जन्मभर सगळ्यांचे 'ह' शोधत हिंडलात, आणि नेमका इथलाच सुटला व्हय तुमच्या हातनं?"

तिनं डोळे पुसले आणि मला सहावी-सातवीतल्या पोराला समजावतात तसं समजावलं. वूफर दोन, प्रत्येकाचा अडथळा दोन ओहम. मी तांबड्याला तांबडी जोडली, म्हणजे विजेला शेजारी शेजारी दोन वाटा मोकळ्या करून दिल्या. वीज सुटली उधळत, अडथळा उरला फक्त एक. आम्पनं जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतलं. तेच वूफर एकामागं एक जोडले असते, तर विजेला आधी एकातून आणि मग दुसऱ्यातून जावं लागलं असतं. दोन आणि दोन, चार. एवढंच पोपट सांगत होता.

"मग हे ओम काढू?" मी विचारलं.

"राहू द्या. त्यांनीच तुमाला सांभाळलंय एवढा वेळ."

स्क्रू-ड्रायव्हर तिनं घेतला. पिशवीतली पोपटची जाड वायर घेतली, पदर खोचला आणि अर्ध्या तासात सगळं जोडलं. एका वूफरचं काळं टोक दुसऱ्याच्या तांबड्याला, उरलेली दोन टोकं आम्पला. मी काय केलं? मी छत्री धरली.

बटण दाबलं. हिरवा दिवा. हिरवाच राहिला.

मग मी फोन जोडला आणि तात्यांचं रेकॉर्डिंग लावलं.

काय सांगू! पहिली थाप पडली आणि डिकीचा पत्रा नाही, माझी छाती हलली. अंगणातली कोंबडी उडाली. चुलत्यांच्या हातातली कपबशी खडखडली. तात्या वाजवत होते हो! तीच चाल, तोच मध्ये घेतलेला श्वास, तीच ती उजव्या हाताची जड थाप. सासूबाई दारातून बाहेर आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. अनिता वळली, डिकीच्या कडेला पाठ टेकून बसली आणि डोळे मिटून घेतले. तिचा हात बरगडीखाली होता. मला तिच्याकडं बघवेना, आणि दुसरीकडं तर बघायचंच नव्हतं.

मग ढोल थांबला. इथपर्यंत आम्ही क्वचितच यायचो, आणि आलो तरी पुढं नुसती खरखर, म्हणून तिथंच बंद करायचो. पण आज कुणाचाच हात पुढं होईना. आणि त्या खरखरीतून, त्या दोन वूफरमधून, तात्यांचा आवाज आला. जाड, खर्जातला, दोन हातांवर बसून बोलावं तसा:

"आन्ये, तुज्या त्या मास्तरला सांग की गं! मगाधरनं बगतुय, फोनच्या भोकावर बोट धरून हुबा हाय! जावई म्हणून बोलत न्हाई मी. आरं, ढोल कुठनं जायचा त्यात?"

आणि रेकॉर्डिंग संपलं. संपणारच! बोट काढायच्या गडबडीत मी बंदच करून टाकलं असणार.

ढोल ऐकायची तयारी सगळ्यांनी ठेवली होती, पण तात्या बोलतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दोन वर्षं तो आवाज माझ्या खिशात होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "आसंच बोलायचं माणूस." मग एक चुलते फिसकन हसले, आणि मग सगळं अंगण!

"परत लावा," सासूबाई म्हणाल्या.

परत लावलं. मग परत. वाटेनं देवाला जाणारे लोक थांबायला लागले, त्यांच्यासाठी परत. दुपारपर्यंत किती वेळा लावलं त्याला गणती नाही, आणि ढोलासाठी कुणी थांबत नव्हतं हो! सगळे थांबायचे ते शेवटच्या त्या बोलण्यासाठी. आख्ख्या भावकीसमोर, गेलेल्या सासऱ्यांकडून, एकाच दिवसात मी जेवढं बोलणं खाल्लं तेवढं कुठल्या जावयानं खाल्लं नसेल.

मी अनिताजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "माफ कर. साधा फोन माईकवर बोट न ठेवता नीट धरला असता, तर तुला ढोल केव्हाच ऐकायला मिळाला असता."

तिनं माझा हात घेतला. ते बोट धरलं, उजव्या हाताचं, हेच. बराच वेळ धरून बसली.

"फोन नीट धरला आसता," ती म्हणाली, "तर तात्या बोलले आसते का?"